जॉर्जेटचा पीळ: कापड निवडण्यापासून खालच्या पिकोपर्यंत

नणंदेच्या साखरपुड्याला मी स्वतः शिवलेला जॉर्जेटचा अंब्रेला कुर्ता घालून गेले होते. सकाळी आरशात घेर सरळ दिसत होता. दुपारची पंगत उठेपर्यंत तो चार ठिकाणी जीभ काढल्यासारखा खाली लोंबायला लागला. मामेसासूबाईंनी हात लावून विचारलं, "हे असंच असतंय काय गं फॅशनचं?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

कापडाचा काही दोष नव्हता. मी ते संध्याकाळी कापलं, रात्री शिवलं आणि झोपायच्या आधी खालची पट्टी मारून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी कुर्ता घेऊन शिलाई क्लासच्या बाईंकडे गेले. बाई अस्सल कोल्हापूरच्या, त्यामुळे 'मी सांगते' वगैरे नाहीच. म्हणाल्या, "मी सांगतो तुला काय झालंय. सुंभ जळला तरी पीळ जळत न्हाई, ऐकलंयस न्हवं? ह्या कापडात नुसता पीळच हाय. त्याला आधी निवांत पडू दे, मग कात्री लाव."

जॉर्जेटबद्दल मला पुढे जे कळत गेलं, ते सगळं ह्या पिळापाशीच येऊन थांबतं. म्हणून आधी तेवढं समजून घेऊ.

पीळ म्हणजे काय

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये जॉर्जेट द ला प्लांत नावाच्या एक बाई कपडे शिवायच्या. त्यांच्यावरून ह्या कापडाला नाव पडलं. मूळ कापड रेशमाचं. ह्याचा धागा विणण्याआधीच प्रचंड पिळलेला असतो, मीटरमागे साधारण २,००० ते ३,००० वेढे. त्यातही काही धागे उजवीकडे पिळलेले, काही डावीकडे, आणि ते सहसा दोन-दोन करून आळीपाळीने लावलेले. उभ्या धाग्यातही तसंच, आडव्यातही तसंच. कापड तयार झाल्यावर प्रत्येक धागा आपापल्या दिशेला उलगडायला बघतो, शेजारचा त्याला अडवतो, आणि ह्या ओढाताणीत कापडावर बारीक खडबड उठते. बोटांमध्ये चोळलं तर बारीक रवा लागावा तसं वाटतं.

शिफॉन ह्याचीच धाकटी बहीण. अंगाने बारीक, जास्त पारदर्शक आणि हाताला जास्त गुळगुळीत. क्रेप त्याच घरातलं, पण वजनदार आणि बरंचसं अपारदर्शक. आपल्याकडच्या बायका ज्या मऊशार म्हैसूर सिल्कच्या साड्या कौतुकाने नेसतात, त्याही क्रेपच्याच. दुकानात शिफॉन की जॉर्जेट असा घोळ झाला तर टोक मुठीत चुरगाळा आणि सोडा. जॉर्जेट स्प्रिंगसारखं लगेच उघडतं, शिफॉन नुसतं घरंगळतं.

कापड घेताना

कोल्हापुरात महाद्वार रोड आणि राजारामपुरीत मीटरवर कापड मिळतं, आणि घाऊक घ्यायचं तर गांधीनगर. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथे वसली आणि कापडाची ही भली मोठी पेठ उभी राहिली. तिथल्या बऱ्याच दुकानांत एकदोन मीटर मागितलं तर बघतही नाहीत, पण कटपीसवाले आहेत. तिघी-चौघींनी मिळून एकच रंग घ्यायचा असेल तर सरळ तिकडे जावं. इचलकरंजीचे माग एवढे शेजारी असले तरी आपल्याकडे येणारं जॉर्जेट बहुतेक सुरतेचं असतं.

दुकानदार 'वेटलेस', 'हेवी', 'फॉक्स जॉर्जेट' असे शब्द फेकत राहतो. फॉक्सचा कोल्ह्याशी संबंध नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा उच्चार 'फो' आणि अर्थ नकली, म्हणजे रेशमाऐवजी पॉलिएस्टर. त्यात वाईट काही नाही. रोजच्या वापराला मी तेच घेते. फक्त पैसे पॉलिएस्टरचे द्यावेत, रेशमाचे नव्हेत.

खात्री करायची असेल तर कडेचे चारपाच धागे काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवा. रेशीम हळू जळतं, केस जळाल्याचा वास येतो, आग काढली की बहुधा आपोआप विझतं आणि काळी राख बोटाने चुरडली जाते. व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं रेयॉन, कागदासारखं भुर्रकन जळतं, वासही कागदाचा. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि मागे टणक मणी राहतो. तो गार होईपर्यंत हात लावू नका, चटका बसतो. हा खेळ घरी आणलेल्या कापडावर, ओढणी-पडद्यांपासून लांब.

दुकानात मात्र तीन गोष्टी बघायच्याच. पहिली, दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड हलकेच बाजूला ताणायचं. धागे सरकून मध्ये फट पडली आणि तशीच राहिली, तर शिलाईपाशीही तेच होणार. असलं कापड अंगाबरोबर बसणाऱ्या योकला, म्हणजे घेराच्या वरच्या भागाला, चालत नाही. दुसरी, छापील असेल तर दोन्ही किनारी एकमेकींवर ठेवून बघायचं की आडवी नक्षी जुळते का. गिरणीत फिनिशिंगच्या वेळी कापड तिरकं ओढलं गेलं असेल, तर नक्षी धाग्याबरोबर चालत नाही. मग तुम्ही धाग्याप्रमाणे कापलं तर नक्षी तिरकी, आणि नक्षीप्रमाणे कापलं तर कुर्ता अंगावर फिरतो. तिसरी, रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. दाराबाहेर या, कापडाखाली अस्तराचा तुकडा धरा आणि मग बघा. जॉर्जेटचा रंग निम्मा अस्तराचा असतो. राणी कलरखाली पांढरं अस्तर घातलं की तो बिचारा गुलाबी होऊन बसतो.

किती घ्यायचं

हिशेब अंब्रेला कुर्त्याचा धरू, कारण सगळ्यात जास्त कपडे तिथेच बिघडतात. योकखालचा घेर ३० इंच. शिलाईचे दोन इंच धरून ३२. त्याला ६.२८ ने (३.१४ ची दुप्पट) भागलं की ५.१ इंच ही आतल्या गोलाची त्रिज्या. घेराची लांबी २८ आणि खालच्या दुमडीला एक इंच, म्हणजे बाहेरची त्रिज्या साधारण ३४. पूर्ण गोल दोन अर्ध्या भागांत काढायचा, एकेक भाग ६८ बाय ३४ इंचांचा. ४४ इंच पन्ह्यावर दोन भागांना १३६ इंच लागतात, म्हणजे सुमारे ३.४५ मीटर. योकला ४० आणि पाऊण बाहीला ५० सेंटीमीटर. झाले ४.३५. आटणं आणि टोकं सरळ करणं धरून मी पावणेपाच मीटर घेते. उरलेल्या लांब पट्टीतून बेल्ट आणि दोऱ्या निघतात.

अस्तराबाबत माझं मत पक्कं आहे: योकला सुती, खाली सॅन्टून (अस्तराचं गुळगुळीत, सॅटिनसारखं कापड) किंवा पातळ क्रेप. उन्हाळ्यात पाठीला सुती अस्तरच घाम टिपतं. पण चालताना सुती अस्तर जॉर्जेटला धरून ठेवतं आणि घेर पायांत गुंडाळतो, म्हणून खाली गुळगुळीत हवं. अस्तराला गोल घेर देऊ नका, सरळ ए-लाइन पुरे. सुती अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं.

कात्री लावण्याआधी

पिळलेला धागा पाण्याने जागा होतो. म्हणून रेशीम आणि व्हिस्कोसचं जॉर्जेट पहिल्या धुण्यात आटतं. पॉलिएस्टरचं जवळपास नाही. किती आटेल हे विचारत बसण्यापेक्षा कोपऱ्यात दोऱ्याने १० इंचांचा चौकोन आखा, तो भाग भिजवा, सावलीत वाळवा आणि पुन्हा मोजा. साडेनऊ भरला तर आटणं ५ टक्के. ३४ इंचांच्या त्रिज्येत ते १.७ इंच होतं, म्हणजे गुडघ्याखालचा कुर्ता गुडघ्यावर. व्हिस्कोस असेल तर सगळं कापड गार पाण्यात बुडवून काढा, पण ओलं असताना जपून. ओला व्हिस्कोस फार अशक्त असतो, बादलीतून एका टोकाने ओढला की फाटायलाही कमी करत नाही. जरीचं किंवा महागाचं रेशीम घरी भिजवू नका. ड्रायक्लीनवाल्याकडून वाफ देऊन आणा, आणि पुढेही ते ड्रायक्लीनच करायचं हे ठरवून टाका.

ठाणावर घट्ट गुंडाळलेलं कापड ताणलेलं असतं. घरी आणल्यावर घडी मोडून एक रात्र पलंगावर सैल पसरून ठेवा. बाईंचं 'निवांत पडू दे' ते हेच.

मग खळ (स्टार्च), पण ती ज्यांना कापड फारच पळतं त्यांच्यासाठीच. चमचाभर साबुदाणा तासभर भिजवून लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, फडक्यातून गाळायचा, गार करून त्यात कापड बुडवायचं. न पिळता काढून चादरीवर आडवं पसरून सावलीत वाळवायचं. दोरीवर टाकलं तर पाण्याच्या वजनाने ताणतं. वाळल्यावर ते कागदासारखं उभं राहतं आणि निम्मी भांडणं मिटतात. शिवून झाल्यावर एका धुण्यात खळ निघून जाते. हे पॉलिएस्टरसाठी; रेशमाला नको. आणि आषाढ-श्रावणातही नको. आपल्याकडच्या झडीत कापड दोन दिवस ओलं राहतं, खळ आंबते आणि घरभर वास सुटतो. मी हे करून पाहिलंय.

कापणं

टेबलावर सुती चादर घट्ट ताणून बांधा. सनमायकावर जॉर्जेट पाण्यासारखं वाहतं, चादर त्याला धरून ठेवते. एक आडवा धागा ओढून टोक सरळ करून घ्या. धागा मध्येच तुटला तर जिथे तुटला तिथपर्यंत कापा आणि पुढचा पकडा. कंटाळवाणं काम आहे, पण ह्याला पर्याय नाही, कारण हे कापड सरळ रेषेत फाटत नाही.

कापड एकेरीच पसरायचं. दुहेरी घडीत खालचा थर कधी सरकला ते कात्री चालवून झाल्यावरच कळतं. गोल काढायला आधी ब्राउनपेपरवर अर्धगोल कापून घ्या, तो कापडावर ठेवा आणि पितळी वाट्या, वजनं, जे हाताशी असेल ते वर ठेवा. टाचण्या लावल्याच तर बारीक, आणि फक्त शिलाईच्या पट्टीत. खूण करायला खडू नको, तो कापड ओढतो. अंघोळीच्या साबणाची उरलेली पातळ चीप उत्तम. पांढऱ्या-मोतिया रंगावर साबण दिसत नाही, तिथे दोऱ्याचे टाके घाला.

वर जोडाची पट्टी अर्धा इंच सोडायची म्हणून आतला गोल ५.१ ऐवजी ४.६ वर कापायला हवा. मी ४.५ वर कापते, कारण तो भाग तिरपा असतो आणि हाताळताना तेवढा वाढतोच. लहान गोल मोठा करता येतो, उलटं होत नाही. कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकलेलं ठेवा, कापड उचलू नका, हात दुसऱ्या बाजूने फिरवा.

कापल्याबरोबर आतल्या गोलाच्या कडेने हाताने धावदोरा घाला. नाहीतर योक जोडायला घेईपर्यंत ३० चा घेर ३३ होऊन बसतो.

शिवणं

सुई नवी, ११ नंबरची. फार पातळ कापडाला ९. मशीनला जीन्स शिवलेली १६ नंबरची सुई तशीच असेल, तर जॉर्जेटवर एक टाका घालायच्या आधी बदला. नवी सुईही नखावरून फिरवून बघा; टोक ओरखडलं तर धागे ओढले जाऊन कापडावर आडव्या रेघा उमटतात. दोरा बारीक पॉलिएस्टरचा, वर आणि बॉबिनमध्ये एकच. टाके इंचाला १२ ते १४. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा आणि तुकड्यावर शिवून बघा. शिलाई गोळा होत असेल तर अजून सैल.

मशीन सुरुवातीलाच कापड गिळतं, हे सगळ्यांचं दुखणं. सुईच्या छिद्रावर सेलोटेपचा छोटा तुकडा चिकटवा. सुई त्यात आपल्यापुरतं बारीक भोक पाडून घेते. खालचे दात मात्र झाकू नका. कापडाखाली बटर पेपरची किंवा पतंगाच्या कागदाची पट्टी घ्या आणि टाके कागदावरूनच सुरू करा. शिवून झाल्यावर कागद शिलाईलगत दुमडून हलकेच फाडा. वर्तमानपत्र वापरू नका, शाई लागते. टोकाला मागे-पुढे करून शिलाई पक्की करण्यापेक्षा दोरे लांब सोडून हाताने गाठ मारणं बरं. आणि कापड मागून ओढायचं नाही. पुढून-मागून हाताचा आधार देत राहायचं, दात आपल्या गतीने नेतात.

बाजूची शिलाई बाहेरून दिसणार, म्हणून ती फ्रेंच पद्धतीने घ्या. आधी उलट्या बाजू समोरासमोर, म्हणजे सुलटी बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर शिवा. ती पट्टी कापून अर्धी करा, सुटे धागे साफ करा. मग कापड उलटवून पहिली शिलाई बरोबर घडीवर आणा आणि पुन्हा पाव इंचावर शिवा. कापलेली कड आत बंद होते. एकूण अर्धा इंच जातो, वरच्या हिशेबात तो धरलेलाच आहे. योकला जॉर्जेट आणि अस्तर कच्च्या टाक्याने एकत्र करून एकच कापड समजून शिवा; गळ्याला त्याच अस्तराने पलटी मारता येते. योक अंगाबरोबर असेल तर बाजूला चेन लागेल, तिच्या खाली अस्तराची पट्टी द्या, नाहीतर चेनच्या वजनाने ती बाजू सुरकुतते.

टांगून ठेवणं

इथेच मी चुकले होते. गोल घेरात काही भाग उभ्या धाग्यावर असतो, काही आडव्या, आणि मधले चार भाग पूर्ण तिरपे. उभा-आडवा धागा वजन पेलतो. तिरप्या भागात पेलायला कुणीच नसतं, तिथे पीळ हळूहळू उलगडत कापड खाली येतं. म्हणून योक जोडून, खाली काहीही न करता, कुर्ता हँगरवर दोन दिवस टांगा. भिंतीला चिकटवून नको, घेर मोकळा सुटायला हवा. मांजर असेल तर दार लावून.

दोन दिवसांनी तो अंगात घाला, पायात जे घालणार तेच घाला, आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून फूटपट्टी उभी धरून गोल फिरत टाचण्या लावायला सांगा. स्वतः वाकून मोजू नका, वाकलं की घेर हलतो. टाचण्यांच्या रेषेखाली दुमडीपुरतं ठेवून कापा. तिरप्या भागातून इंच-दीड इंचाचा चंद्र निघेल. तेवढाच माझा कुर्ता साखरपुड्यात लोंबत होता.

खालची कड हाताने बारीक वळवता येते, पण एवढ्या घेराला मी पिकोच करून घेते. पिकोवाल्याला आधी कटपीसवर करून दाखवायला सांगा. कड लाटेसारखी ताणली जात असेल तर मशीनची सेटिंग जाड कापडाची आहे. दोरा घरून न्या, बहुतेकांकडे दहाबारा रंगच असतात आणि 'जवळपास' रंगाचा दोरा जॉर्जेटवर लांबूनही ओळखू येतो.

साडी असेल तर एवढंच: फॉल आधी भिजवून वाळवा, मग हाताने, टाके सैल ठेवून लावा. न भिजवलेला सुती फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि निऱ्यांचा काठ चुण्या पडून वर चढतो. खांद्याला पिन लावताना पिनेत आधी एक मणी ओवा, म्हणजे धागे तिच्या गोल टोकात अडकत नाहीत.

धुणं

पिळाच्या कापडाला पिळायचं नाही. गार पाणी, सौम्य साबण. घरी धुण्यासारखं साधं रेशीम असेल तर रिठ्याचं पाणी. दोन मिनिटं खालीवर करून काढा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवं पसरून सावलीत वाळवा. इस्त्री उलट्या बाजूने, कमी आचेवर, ठेवायची आणि उचलायची. घासत नेली तर कापड पुन्हा ताणतं. रेशमावर पाणी शिंपडू नका, डाग राहतात. भरतकामाचं जड जॉर्जेट हँगरवर कपाटात ठेवू नका, घडी करून ठेवा आणि अधूनमधून घडी बदला.

पहिल्या धुण्यानंतर घेर पुन्हा एकदा जमिनीपासून मोजून बघा. पाव-अर्धा इंच अजून उतरलेला असतोच. तेवढं कापून पुन्हा पिकोला द्या, म्हणून तो दोरा टाकून देऊ नका.